सिंगापूरमध्ये मेट्रो, बस आणि विमानतळ: घरून निघण्यापासून परतीच्या गेटपर्यंत

सिंगापूरची मेट्रो वापरायला सोपी आहे, तरीही भारतातून जाणारी बरीच कुटुंबे पहिल्या दोन दिवसांत तिथे पैसे आणि वेळ गमावतात. एकाच कार्डावर चौघे जायला बघतात, बसमधून उतरताना कार्ड टॅप करायचे (मशीनला टेकवायचे) विसरतात, ताना मेरा स्टेशनला गाडी बदलायची राहते किंवा परतीच्या दिवशी खरेदीवरच्या जीएसटीचा परतावा घेण्याआधीच चेक-इनचे सामान देऊन टाकतात. यातल्या निम्म्या चुकांची मुळे घरच्या तयारीत असतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

१. घरून निघण्याआधी

व्हिसा आणि अरायव्हल कार्ड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भारतीय पासपोर्टवर व्हिसा आधी काढावा लागतो आणि तो अधिकृत व्हिसा एजंटामार्फत मिळतो. एसजी अरायव्हल कार्ड हा ऑनलाइन भरायचा फॉर्म आहे. व्हिसा असला तरी तो भरावाच लागतो. पोहोचण्याचा दिवस धरून तीन दिवसांच्या आत भरा, त्याआधी भरता येत नाही. म्हणजे शुक्रवारी पोहोचणार असाल तर बुधवार, गुरुवार किंवा शुक्रवार. प्रत्येक प्रवाशाचा फॉर्म वेगळा असतो, अगदी कडेवरच्या बाळाचासुद्धा.

सावध: हा फॉर्म फुकट आहे. सर्च केल्यावर वर दिसणाऱ्या काही साइट यासाठी पैसे मागतात. कार्डाचा नंबर विचारला गेला तर तुम्ही चुकीच्या ठिकाणी आला आहात. सिंगापूरच्या इमिग्रेशन खात्याची, म्हणजे आयसीएची साइट किंवा ‘मायआयसीए’ ॲप वापरा.

फॉर्ममधला ईमेल पत्ता नीट तपासा. सिंगापूर पासपोर्टवर शिक्का मारत नाही. किती दिवस राहण्याची परवानगी मिळाली हे सांगणारा इलेक्ट्रॉनिक पास त्याच ईमेलवर येतो. एजंटाने स्वतःचा ईमेल टाकला असेल तर तुमच्या मुक्कामाची शेवटची तारीख त्याच्या इनबॉक्समध्ये जाऊन पडते. व्हिसावरची मुदत म्हणजे राहण्याची मुदत नव्हे. या पासवरची तारीखच धरायची.

बँकेचे कार्ड चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे भारतीय कार्डांवर परदेशी व्यवहार आणि कॉन्टॅक्टलेस व्यवहार सहसा बंद असतात, ते ग्राहकाने स्वतः चालू करायचे असतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये दोन्हीची बटणे वेगळी असतात. फक्त परदेशी व्यवहार चालू केले आणि कॉन्टॅक्टलेस विसरलात तर चांगी विमानतळाच्या मेट्रो गेटवर लाल दिवा लागेल. कार्ड व्हिसा किंवा मास्टरकार्डचे घ्या आणि त्यावर कॉन्टॅक्टलेसच्या चार आडव्या लहरी आहेत ना ते पाहा. यूपीआय या गेटवर चालत नाही.

बॅगेतून काढून ठेवा: च्युइंग गम, ई-सिगारेट, गुटखा, जर्दा, खैनी. या सगळ्यांवर बंदी आहे. सिगारेटवर शुल्कमाफी नाही, एक पाकीट असले तरी कस्टमच्या लाल चॅनेलमध्ये जाऊन सांगावे लागते. काकांच्या शर्टाच्या खिशातली पुडीसुद्धा यात मोजली जाते.

२. तिकिटासाठी काय वापरायचे ते ठरवा

एकेरी प्रवासाची तिकिटे मार्च २०२२ मध्ये बंद झाली. त्यामुळे मेट्रोत शिरायला कुठले ना कुठले कार्ड लागतेच. पर्याय तीन आहेत.

बँकेचे कॉन्टॅक्टलेस कार्ड. काहीच विकत घ्यावे लागत नाही. मात्र परदेशी कार्डावर, वापराच्या प्रत्येक दिवसाला, भाड्याशिवाय ६० सेंट जास्त लागतात (इथले सगळे डॉलर आणि सेंट सिंगापूरचे). तुमच्या बँकेचे परकीय चलनाचे शुल्क आणखी वेगळे.

ईझेड-लिंक कार्ड. स्टेशनवरच्या तिकीट ऑफिसात १० डॉलरला मिळते. त्यातले ५ डॉलर प्रवासाला वापरता येतात आणि ५ डॉलर कार्डाची किंमत, ती परत मिळत नाही.

टुरिस्ट पास. ठरावीक दिवस हवे तितके फिरा.

हिशोब असा मांडा. ६० सेंटने आठ दिवसांचे ४ डॉलर ८० सेंट होतात. म्हणजे आठ दिवसांपर्यंत बँकेचे कार्ड स्वस्त आणि नवव्या दिवसापासून ईझेड-लिंक. पण हा हिशोब एका माणसाचा झाला. प्रत्येक प्रवाशाला स्वतःचे कार्ड हवे. एक कार्ड गेटवर टॅप करून मागच्याला देता येत नाही, कारण आत गेलेल्या कार्डाला गेट आता बाहेर पडताना शोधते. घरात चालू झालेली दोनच बँक कार्डे असतील आणि माणसे चार, तर उरलेल्या दोघांसाठी ईझेड-लिंक घ्या. आजी-आजोबांच्या हातात तर तेच द्यावे. बँकेचे कार्ड दिवसातून दहा वेळा पर्समधून काढण्यापेक्षा ते बरे पडते.

टुरिस्ट पासची जाहिरात जोरात असते, पण तो बहुतेकांना परवडत नाही. साधारण फेरीचे भाडे अंतराप्रमाणे सव्वा ते अडीच डॉलरच्या आसपास असते. पासची किंमत दिवसांनी भागा आणि आलेल्या आकड्याला पुन्हा दोनने भागा. रोज तितक्या फेऱ्या होणार असतील तरच पास घ्या. लहान मुले किंवा ज्येष्ठ सोबत असले तर दिवसात चारपेक्षा जास्त फेऱ्या क्वचितच होतात. शिवाय पासचा दिवस २४ तासांचा नसतो, त्या तारखेची शेवटची गाडी गेली की संपतो. संध्याकाळी पाचला घेतलेल्या पासचा एक दिवस जवळजवळ वाया गेलेलाच असतो.

मुलांचे: ०.९ मीटरपेक्षा कमी उंचीचे मूल मोठ्या माणसासोबत फुकट जाते. घरीच मोजून या. त्याहून उंच मुलाला स्वतःचे कार्ड लागेल. ज्येष्ठांची सवलत तिथल्या रहिवाशांसाठी आहे, आपल्या ज्येष्ठांना पूर्ण भाडे.

तपासा: कोण कुठले कार्ड वापरणार हे विमानात बसण्याआधी ठरले आहे ना? स्टेशनच्या गेटसमोर ही चर्चा करू नका, मागे रांग उभी राहते.

३. चांगीला उतरल्यावर

इमिग्रेशनला रांग स्वयंचलित लेनची असो वा काउंटरची, पासपोर्ट कव्हरमधून काढून ठेवा. कव्हरसकट पासपोर्ट स्कॅन होत नाही.

सामान घेतल्यावर आधी टर्मिनल कुठले आहे ते पाहा. मेट्रो स्टेशन टर्मिनल २ आणि ३ च्या मधे, तळघरात आहे. टर्मिनल १ मधून स्कायट्रेनने, म्हणजे टर्मिनलांमधल्या छोट्या गाडीने, २ किंवा ३ ला या किंवा विमानतळाच्या ज्वेल मॉलमधून चालत या. टर्मिनल ४ बाजूला पडते. तिथे मेट्रो नाही, स्कायट्रेनही नाही. मोफत शटल बस घ्यावी लागते आणि त्यात अर्धा तास सहज जातो.

मेट्रो सकाळी साडेपाचच्या सुमारास सुरू होते. मुंबईहून रात्री सुटलेली बरीच विमाने पहाटे उतरतात. साडेचारला बाहेर पडलात तर तासभर टर्मिनलमध्येच बसा, नाहीतर टॅक्सी घ्या. रात्री अकरानंतर उतरणार असाल तर टॅक्सीच धरून चाला. शहराकडची शेवटची सोयीची गाडी तोवर निघून गेलेली असू शकते.

टॅक्सीबद्दल दोन गोष्टी. मध्यरात्री बारा ते सकाळी सहापर्यंत मीटरवर ५० टक्के जादा लागतात आणि विमानतळाचा अधिभार वेगळा. दुसरी गोष्ट मुलांसाठी महत्त्वाची आहे. ग्रॅबसारख्या ॲपवरून येणाऱ्या खाजगी गाडीत १.३५ मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलाला योग्य चाइल्ड सीट लागते आणि ती नसेल तर चालक नाही म्हणतो. रस्त्यावरच्या किंवा रांगेतल्या टॅक्सीला या नियमातून सूट आहे. मूल लहान असेल तर टॅक्सीच्या रांगेतच उभे राहा. आणि कुठल्याही साध्या गाडीत पाचवा माणूस बसवत नाहीत, ‘ॲडजस्ट’ होत नाही.

४. विमानतळ ते शहर: गाडी कुठे बदलायची

सर्वात जास्त गोंधळ इथे होतो. चांगी स्टेशनवर मात्र चुकायला वाव नाही. ते शेवटचे स्टेशन आहे आणि फलाटाच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या एकाच दिशेने जातात. पहिले स्टेशन एक्सपो, दुसरे ताना मेरा. पुढचा रस्ता या दोनपैकी एका ठिकाणी ठरतो.

सिंगापूरच्या फलाटावर दिशा ‘पूर्व-पश्चिम’ किंवा ‘अप-डाउन’ अशी लिहिलेली नसते. मार्गाच्या शेवटच्या स्टेशनचे नाव असते. ताना मेराला हिरव्या ईस्ट-वेस्ट मार्गावर शहराकडे जायला ‘तुआस लिंक’ची गाडी घ्यायची. ‘पासिर रिस’ची घेतली तर उलट जाल.

लिटल इंडियाला जाणाऱ्यांचे उदाहरण घेऊ, कारण आपली बरीच मंडळी तिथेच उतरतात.

नकाशावर दिसते ते असे: एक्सपोला निळा डाउनटाउन मार्ग मिळतो आणि लिटल इंडियाही निळ्याच मार्गावर आहे. गाडी एकदाच बदलायची, म्हणून सगळे तोच रस्ता घेतात. पण निळी रेषा शहरात शिरल्यावर चायनाटाउन, बेफ्रंट, बुगिस असा वळसा घालून मागे येते. एक्सपोचा स्टेशन कोड डीटी ३५ आहे आणि लिटल इंडियाचा डीटी १२, म्हणजे तब्बल २३ स्टेशने.

जवळचा रस्ता असा:

पहिला टप्पा: चांगीहून ताना मेरा, दोन स्टेशने.
दुसरा टप्पा: ताना मेराहून ‘तुआस लिंक’च्या गाडीने बुगिस (ईडब्ल्यू ४ पासून ईडब्ल्यू १२), आठ स्टेशने.
तिसरा टप्पा: बुगिसला निळ्या मार्गावर ‘बुकिट पांजांग’च्या गाडीने रोचोर आणि मग लिटल इंडिया, दोन स्टेशने.

मोठ्या बॅगा असतील आणि दोनदा गाडी बदलायचा कंटाळा असेल, तर एक्सपोचा रस्ता घ्या पण डीटी २२, जालान बेसारला उतरा. लिटल इंडियाच्या त्या बाजूची बरीच हॉटेले तिथून चालत गाठता येतात. मुस्तफा सेंटरजवळ राहणाऱ्यांनी मात्र लिटल इंडियाला जांभळ्या नॉर्थ-ईस्ट मार्गावर बदलून पुढच्याच फॅरर पार्कला, एनई ८ ला, उतरावे.

स्टेशनचे नाव नाही लक्षात राहिले तरी चालेल, कोड लिहून ठेवा. अक्षरे मार्ग सांगतात आणि आकडा क्रम. गाडीत बसल्यावर आकडे तुम्हाला हवे त्या बाजूला वाढतायत की कमी होतायत हे पुढच्या स्टेशनवर कळते. उलट निघालात तर बाहेर पडू नका. गेटच्या आतच पलीकडच्या फलाटावर जाऊन परत या.

नावांचे सापळे:
‘अप्पर चांगी’ म्हणजे विमानतळ नव्हे.
मरीना बे सँड्ससाठी ‘मरीना बे’ नको, ‘बेफ्रंट’ला उतरा.
बेडोक, बेडोक नॉर्थ आणि बेडोक रेझर्व्हॉयर ही तीन वेगळी स्टेशने आहेत. टॅम्पिनीस, टॅम्पिनीस ईस्ट, टॅम्पिनीस वेस्ट यांचेही तसेच.

५. टॅप करण्याचे नियम

आत जाताना टॅप, बाहेर पडताना टॅप. मेट्रोत गेटच अडवते, त्यामुळे विसरता येत नाही. तिथली चूक वेगळी असते: आत जाताना प्लास्टिकचे कार्ड लावले आणि बाहेर पडताना तेच कार्ड मोबाईलमधून लावले. यंत्रणेसाठी ही दोन वेगळी कार्डे आहेत, घड्याळातले तिसरे. ज्याने शिरलात त्यानेच बाहेर पडा. मोबाईलवर प्रवास करणार असाल तर बॅटरी पाहून घ्या, तो आत बंद पडला तर बाहेर पडायला स्टेशनच्या काउंटरवर जावे लागते.

पाकिटात दोन कॉन्टॅक्टलेस कार्डे असतील तर पाकीटच गेटला लावू नका. कुठले कार्ड वाचले गेले हे तुम्हालाही कळणार नाही.

ईझेड-लिंक घेतले असेल तर गेटवर शिल्लक दिसली नाही म्हणून घाबरू नका. आताची कार्डे खात्याला जोडलेली असतात, गेट फक्त उघडते. भाडे आणि शिल्लक ‘सिंपलीगो’ ॲपमध्ये दिसते.

बदल्यांचा नियम समजून घेतला तर पैसे वाचतात. मेट्रोतून बस, बसमधून बस असे जोडून गेलात तर सगळा मिळून एकच प्रवास धरतात आणि भाडे एकूण अंतरावर लागते. अटी अशा: दोन वाहनांमध्ये ४५ मिनिटांपेक्षा जास्त खंड नको, पाचपेक्षा जास्त बदल नकोत, पहिल्या वाहनात चढल्यापासून शेवटच्यात चढेपर्यंत दोन तास, लगेच त्याच नंबरची बस पुन्हा नको आणि ज्या मेट्रो स्टेशनमधून बाहेर पडलात त्यातच परत शिरणे नको. वाटेत जेवायला उतरायचे असेल तर ४५ मिनिटांत उरकणार आहे का ते बघा.

एक अपवाद गोंधळात टाकतो. टॅम्पिनीसला हिरव्या मार्गावरून निळ्यावर जाताना गेटच्या बाहेर पडून दुसऱ्या गेटने शिरावे लागते. लगेच, म्हणजे १५ मिनिटांत, शिरलात तर दुप्पट भाडे लागत नाही. मधे कॉफीला थांबू नका.

६. बस

बस मेट्रोपेक्षा अवघड वाटते, पण कित्येकदा ती दारात सोडते. क्रम असा:

थांब्याचा पाच आकडी कोड ॲपमधल्या कोडशी जुळवा. समोरासमोरच्या दोन थांब्यांची नावे सारखी भासतात, कोड वेगळे असतात. उलट दिशेची बस पकडण्याचे मुख्य कारण हेच.

बस दिसली की हात करा. हात केला नाही तर, थांब्यावर माणसे असूनही, ती पुढे निघून जाऊ शकते. एका थांब्यावर दहा नंबरच्या बस येतात, तुम्हाला कुठली हवी हे बस कॅप्टनला, म्हणजे चालकाला, कसे कळणार?

पुढच्या दाराने चढा, टॅप करा आणि आत सरका. आपला थांबा येण्याआधी बटण दाबा. थांबा जवळ आला की मागच्या दाराशी टॅप करून उतरा.

सावध: उतरतानाचा टॅप राहिला तर मार्गाच्या शेवटच्या थांब्यापर्यंतचे भाडे कापले जाते. चौघांचे विसरलात तर चौपट. गर्दीत मागे अडकलात तर बस थांबण्याआधीच दाराकडे सरकायला लागा. आणि फार आधी टॅप करून बसणेही चालत नाही, ते कमी भाडे भरल्यासारखे होते.

रोख पैसे चालतात, पण भाडे जास्त लागते आणि सुटे परत मिळत नाहीत. पाच डॉलरची नोट टाकली तर पाच डॉलर गेले. डबलडेकरच्या वरच्या मजल्यावर उभे राहायचे नाही.

प्राणिसंग्रहालयाला मेट्रो नाही, म्हणून बसची गरज हमखास तिथे पडते. आंग मो किओहून किंवा स्प्रिंगलीफहून १३८ नंबरची बस थेट जाते. परतताना संध्याकाळी रांग मोठी असते, थोडे आधी निघा.

७. गाडीतले आणि स्टेशनवरचे वागणे

मेट्रोत आणि स्टेशनच्या गेटच्या आत खाणे-पिणे बंद. दंड ५०० डॉलरपर्यंत. चिवड्याची पुडी, पोळीचा रोल आणि घोटभर पाणीसुद्धा यात येते. मुलांना पाणी गेटच्या बाहेर पाजून घ्या. ड्युरियन हे फळ गाडीत नेता येत नाही.

सरकत्या जिन्यावर डावीकडे उभे राहा, उजवी बाजू चालणाऱ्यांची. बॅगा आणि बाबागाडी असेल तर सरळ लिफ्ट शोधा.

८. सेंटोसा

हार्बरफ्रंट स्टेशनला उतरून व्हिवोसिटी मॉलच्या तिसऱ्या मजल्यावर या. तिथून सेंटोसा बेटावर जाणारी सेंटोसा एक्सप्रेस सुटते. तिचे ४ डॉलर वेगळे द्यावे लागतात आणि टुरिस्ट पास तिथे चालत नाही. परत येताना पैसे लागत नाहीत. पाऊस नसेल तर बोर्डवॉकवरून चालत जा, तेही फुकट.

९. परतीचा दिवस

तिकिटावरचे टर्मिनल आदल्या रात्री पाहा. येतानाचेच टर्मिनल असेल असे गृहीत धरू नका. टर्मिनल ४ असेल तर मेट्रोच्या वेळेत शटलचा अर्धा तास मिळवा.

शहरातून ‘पासिर रिस’च्या गाडीत बसा आणि ताना मेराला उतरून चांगीची गाडी घ्या. पेंगत बसून राहिलात तर सिमेई, टॅम्पिनीस करत पासिर रिसला पोहोचाल. बाहेर न पडता ‘तुआस लिंक’च्या गाडीने तीन स्टेशने मागे या. यात वीसेक मिनिटे जातात, तेवढी हाताशी ठेवूनच निघा. रात्री उशिराच्या विमानासाठीही शहर दहाच्या सुमारास सोडा, शेवटच्या गाडीच्या भरवशावर राहू नका.

जीएसटीचा परतावा क्रमानेच घ्या. एका दुकानात १०० डॉलर किंवा जास्त खरेदी असेल तर ९ टक्के जीएसटीच्या परताव्यासाठी अर्ज करता येतो (सेवाशुल्क कापून रक्कम थोडी कमी येते). त्याच दुकानाच्या त्याच दिवसाच्या तीन पावत्या मिळून १०० झाले तरी चालते. खरेदी करतानाच पासपोर्ट दाखवावा लागतो, म्हणून त्या दिवशी तो सोबत ठेवा.

विमानतळावर वस्तू कुठल्या बॅगेत आहे त्यावर क्रम ठरतो. चेक-इनच्या बॅगेत असेल तर आधी चेक-इन हॉलमधल्या ईटीआरएस मशीनवर, म्हणजे परताव्याच्या मशीनवर, जा आणि मग बॅग द्या. हातातल्या बॅगेत असेल तर इमिग्रेशननंतरच्या मशीनवर. बॅग आधी देऊन टाकली आणि कस्टमने वस्तू दाखवायला सांगितली, तर दाखवायला काही उरत नाही आणि परतावा नाकारला जाऊ शकतो.

पॉवर बँक हातातल्या बॅगेत ठेवा, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही.

शेवटची अडचण पाण्याच्या बाटलीची. टर्मिनल १, २ आणि ३ मध्ये सुरक्षा तपासणी गेटच्या तोंडाशी होते. टर्मिनल ४ मध्ये ती इमिग्रेशननंतर एकाच ठिकाणी. पहिल्या तिन्हींत इमिग्रेशननंतर भरलेली बाटली गेटवर रिकामी करावी लागते, हे लोकांच्या लक्षात येत नाही. रिकामी बाटली घेऊन गेटवर जा. ड्युटी फ्रीची दारू किंवा अत्तर सीलबंद पिशवीतच राहू द्या, आणि मधे दुसऱ्या विमानतळावर बदल असेल तर तिथल्या तपासणीत ती पिशवी चालते का हे विकत घेण्याआधी विचारून घ्या. तपासणीसाठी वेळ लागतो, म्हणून बोर्डिंग पासवरच्या गेट बंद होण्याच्या वेळेच्या निदान अर्धा तास आधी गेटवर हजर राहा. ज्वेलमधला धबधबा बघायचा असेल तर तो इमिग्रेशनच्या आधीच. एकदा आत गेलात की तिकडे परत येता येत नाही.